पागेतले तीन खण

लोणी, १५ फेब्रुवारी १९९८

आज हौशीरामनं हो म्हटलं. गावाबाहेरच्या त्याच्या पागेतले पुढचे तीन खण माझे झाले. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, मी लिहीत बसलोय, आणि ही आतून माझ्या नावानं खडे फोडतेय.

पागा म्हणजे कुण्या जुन्या सरदाराच्या घोड्यांची. सरदार गेला, घोडे गेले, गढीचे दगड लोकांनी ज्याच्या त्याच्या घराला नेले. पागा तेवढी टिकली, कारण हौशीरामच्या घराण्यानं, वाळुंजांनी, तीत वैरण भरली. सात खणांची लांबलचक इमारत. मागची भिंत काळ्या दगडाची, इतकी जाड की तिच्यात माणूस आडवा झोपावा. पुढे कमानी, वर कौलं. हौशीराम ती पाडून दगड नव्या गोठ्याला वापरणार होता. मी म्हटलं, चार खण तुला ठेव, तीन मला दे, संतांच्या मुक्कामासाठी.

आमच्या लोणीत जैनांची घरं मोजकी, संतांना उतरायला स्थानक नाही. पायी विहार करत येणारे साधू-साध्वी शाळेत उतरतात. शाळेवर पत्रे. त्यांना पंखा चालत नाही, विजेचा दिवा चालत नाही. वैशाखात तिथं माणूस भाजून निघतो.

हौशीराम म्हणाला, "शेट, तुझा आजा मारवाडातनं डोक्यावर बोचकं घिऊन आला, तवा माझ्या आज्यानं त्याला पडवी दिली व्हती. काय लिवून घेतलं व्हतं का? घे तीन खण."

या गावाचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार कोण जाणे. तरी कागद करायचाच, असं मी हट्टानं म्हटलं. जागा माझ्या नावावर हवी. दान द्यायचं तर आपल्या मालकीचं द्यावं.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. हे नीलमसाठी नाही. नीलम आमची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घेतली. आता त्या प्रशमश्रीजी आहेत, आमच्या कुणी नाहीत, आम्हाला बाकीच्या महासतीजींसारख्याच, म्हणजे साध्वींसारख्याच. वैशाखात त्यांचा विहार घोडनदीहून मंचरकडे याच वाटेनं होणार आहे, हा योगायोग. जागा सगळ्या संतांसाठी आहे.

४ मार्च

भिमाजी गवंड्यानं काम सुरू केलं. आधी दोन दिवस नुसती वैरणीची धूळ काढली. मग पागा दिसली, आणि मी तोंडात बोट घातलं. भिंतीत लोखंडी कड्या, घोडे बांधायच्या. खाली दगडी गव्हाणी, कडा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. खांब सागवानी, त्यांना वाळवी शिवलेली नाही. कुणी बांधलं असेल? नाव कुठंच कोरलेलं नाही. ज्यानं बांधलं त्याला मनातल्या मनात हात जोडले.

मात्र घोड्यांना चाललं ते माणसांना कसं चालेल? जमीन मागून पुढे उतरती आहे, मूत वाहून जावं म्हणून. म्हटलं, सपाट कर, शहाबादी फरशी टाक. मागच्या भिंतीत अगदी वर आडवे झरोके आहेत, हात पोचत नाही. त्यांतून धूळ येते. म्हटलं, बुजवून टाक. छपराच्या शेंड्याला दोन्हीकडच्या कौलांमध्ये वीतभर फट आहे, सातही खणांवर सारखी. कौलं सरकली असणार. तीही बंद करायला सांगितली. दगडावर सिमेंटचा गिलावा होणारच आहे.

भिमाजी म्हणाला, "शेट, झाक दिसंल. पार बँकेसारकं."

मला मंदिरासारखं म्हणायचं होतं, पण असो.

११ मार्च

काम थांबलं. तिसऱ्या खणाच्या झरोक्यात पारव्याची अंडी निघाली. पिल्लं उडून जाईपर्यंत तिकडे थापी लावायची नाही, असं मी भिमाजीला बजावलं. तो गेला मंचरला दुसऱ्या कामावर. हौशीराम हसून हसून बेजार. म्हणाला, "सरदाराचं घोडं गेलं, आता पारवं मालक झालं." प्रयागबाई, म्हणजे हौशीरामची मंडळी, आत येऊन झरोक्याकडे बघून गेली आणि मला म्हणाली, "बरं केलंसा भाऊ. लेकुरवाळी हाय ती."

२० मार्च

हिच्याशी वाजलं. लिहून ठेवतो, कारण हिचं म्हणणं डोक्यातून जात नाही.

पागेचं काम सुरू झाल्यापासून कस्तुर तिकडे एकदाही फिरकली नव्हती. आज मी म्हटलं, चल, फरशी बघ तरी. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जागा देणाऱ्याच्या घरचा आहार साध्वीजींना चालत नाही. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. शय्यातराचा नियम. ज्यानं राहायला जागा दिली, त्याच्या घरची गोचरी, म्हणजे भिक्षा, घ्यायची नाही, म्हणजे एकाच घरावर सगळा भार पडत नाही. लहानपणापासून ऐकत आलोय. पण आपल्या बाबतीत तो लागू पडेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"तुम्ही जागा देणार," ही म्हणाली. "मग मी काय देऊ? नऊ वर्षं झाली. नाशिकला चातुर्मासात दर्शनाला गेलो, तेव्हा गर्दीत तिचा चेहरा दिसला तेवढाच. आता ती माझ्या दारावरून जाणार, दुसऱ्यांच्या घरी पात्र पुढे करणार, आणि मी ओट्यावर उभी राहून बघणार. एक भाकरी तिच्या पात्रात पडावी, एवढंच माझं मागणं होतं."

मी म्हटलं, अशी आसक्ती बरी नव्हे. त्या आता तुझी मुलगी नाहीत. भाकरी कुणीही देईल, गावात माळकऱ्यांची शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. सावली कोण देणार? शाळेच्या पत्र्याखाली त्यांचा दमा उसळला तर?

ही म्हणाली, "आसक्ती मलाच आहे, तुम्हाला नाही." आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेली.

मला काही हे पटलेलं नाही. तरी रात्री जेवण गेलं नाही.

९ एप्रिल, महावीर जयंती

काम पूर्ण! पारव्याची पिल्लं उडाली, शेवटचा झरोकाही बुजला. तिन्ही खण पांढरे शुभ्र, फरशी आरशासारखी. गावातले सगळे येऊन गेले. तालमीतल्या पोरांनी पताका लावल्या, सरपंचांनी नारळ फोडला, प्रयागबाईनं उंबऱ्यावर रांगोळी काढली. मी माणसांकडे बघत होतो आणि डोळे भरून येत होते. यांतलं कुणी जैन नाही. आमच्या देवाचं नीट नावही काहींना घेता येत नाही. पण आपल्या गावात संत उतरणार म्हणून यांना केवढा आनंद! असं गाव मिळायला भाग्य लागतं.

कुणीतरी म्हणालं, आत जरा गदगदतं. मी म्हटलं, गिलावा ओला आहे, वाळला की थंड पडेल.

कस्तुर आली. सगळं हिंडून पाहिलं. छान झालंय म्हणाली, आणि लगेच घरी गेली.

२२ एप्रिल

हल्ली दुपारी दुकान बंद करून पागेत जाऊन बसतो. आजही गेलो. आमच्या खणात घामानं सदरा भिजला, म्हणून उठून पार टोकाला, हौशीरामच्या शेवटच्या खणात गेलो. तिथं त्याचे जुने नांगर, पाभर आणि मोडकं जू पडलेलं असतं. मी नांगरावर बसलो. वारा कमानींतून खाली पायाशी येत होता, भिंतीवरून वर चढत होता आणि झरोक्यांतून बाहेर पडत होता. वरच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती, पण ऊन म्हणून कुठे नव्हतं. मागच्या भिंतीला पाठ टेकली तर ती गार. पश्चिमेचं ऊन त्या जाडीतून आत पोचतच नाही. डुलकी लागली. जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

हवा पडलेली असली की असं होतं. काल-परवा वळीव होऊन गेला, त्याचाही परिणाम असेल.

२५ एप्रिल

खरं लिहितो. झरोके बुजवायला नको होते. ती फटही. घोडा हा मोठा जीव, त्याच्या अंगाची वाफ बाहेर जायला ती वाट ठेवली होती, हे मला त्या नांगरावर बसूनच कळायला हवं होतं. भिमाजीला गाठून म्हटलं, उघड पुन्हा. तो म्हणाला, "शेट, मी काय म्हनलो व्हतो का बुजवा? तुमीच म्हनला. आता मी अक्षय तृतीयेपातुर मोकळा न्हाई." त्याच्या मेव्हण्याचं लग्न आहे. भांडून उपयोग नाही.

तशी जागा वाईट नाही. शाळेच्या पत्र्यापेक्षा कितीतरी बरी.

४ मे

घोडनदीच्या जैन संघाचा फोन आला. महासतीजी परवा सकाळी लोणीला पोचतील. मोठ्या महासतीजी, प्रशमश्रीजी आणि आणखी एक. फोन करणारा म्हणाला, प्रशमश्रीजींना आठ दिवस दम्याचा त्रास आहे, रोज थोडंच चालतात. मोठ्या महासतीजींचा आग्रह आहे की लोणीला दिवसभर विश्रांती घ्यावी.

भिमाजी आलेलाच नाही. मी शिडी लावून स्वतः एक झरोका फोडायला गेलो. सिमेंट असं बसलंय की छिन्नीच बोथट झाली. खाली उतरलो.

हिला सांगितलं. ही देवळीतली माळ घेऊन बसली. आम्ही दोघं आज एकमेकांशी फार जपून वागतोय.

६ मे, सकाळी, दुकानात

जागा नाकारली. घडलं तसं लिहितो.

सूर्य उगवल्यावर दोन-अडीच तासांनी त्या आल्या. आम्ही गावकरी वेशीवर गेलो होतो. नीलम, म्हणजे प्रशमश्रीजी, मधे चालत होत्या. वाळल्यात. तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या वर डोळे तेवढे तेच. श्वास घेताना खांदे वर जात होते. मी "मत्थएण वंदामि" म्हणून वाकलो, सुखसाता, म्हणजे खुशाली, विचारली. त्यांनी हात वर केला, "दया पाळा" म्हणाल्या. आवाज बसलेला.

पागेपाशी आलो. उंबऱ्याशी मोठ्या महासतीजी थांबल्या. हसतमुख बाई आहेत, पण नियमाला कडक. त्यांनी विचारलं, "श्रावकजी, ही जागा कुणासाठी केली?"

उत्तर माझं पाठ होतं. "सर्व संतांसाठी, महाराजसाहेब."

त्यांनी मान हलवली आणि पाऊल उचललं. इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मला कुठलं राहवतंय! मी पुढे पळत सुटलो आणि दाखवू लागलो, "हे बघा, वरचे झरोके बुजवलेत, म्हणजे धूळ येणार नाही. यांना लहानपणापासून दमा आहे ना. दुकानात मिरचीचं पोतं उघडलं तरी खोकायच्या. आणि गिलावाही गुळगुळीत करून घेतला, दगडात धूळ बसते, ती यांना..."

मोठ्या महासतीजींनी पाऊल मागे घेतलं होतं.

"म्हणजे आमच्यासाठीच केलंत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "श्रावकजी, आमच्यासाठी म्हणून केलेलं आम्हाला घेता येत नाही. आमच्यामुळे भट्टी पेटली, पाणी सांडलं, जीव गेले, असं व्हायला नको. तुमचा भाव मोठा आहे, पण ही जागा आम्हाला कल्पत नाही."

मी नीलमकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"शाळा आहे," कुणीतरी म्हणालं. शाळेचे पत्रे तेव्हाच तापले होते. मोठ्या महासतीजी म्हणाल्या, नाहीतर आत्ताच पुढे चालू लागतो, ऊन चढायच्या आत धामणी गाठू. तेवढ्यात नीलमला खोकल्याची उबळ आली. ती खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं, मी माझ्या हातानं पोरीला उन्हात ढकललं.

हौशीराम गर्दीतून पुढे आला. "काय झालं शेट?" सरपंचांनी सांगितलं.

"आत्तिच्या!" हौशीराम म्हणाला. "मग माझ्या खणात बसा की, बाई. त्यो कडंचा. त्यो काय मी तुमच्यासाठी केलेला न्हाई. माझ्या बापानंबी केलेला न्हाई."

मोठ्या महासतीजींनी विचारलं, "मग कुणासाठी केलाय?"

"घोड्यांसाठी!" तो म्हणाला. "आता नांगर ठिवतो. तुमच्यासाठी म्हनाल, तर मी झाडूबी मारला न्हाई, बगा."

मोठ्या महासतीजी हसल्या. त्यांनी जाऊन तो खण पाहिला. हिरवा चारा नाही, ओल नाही, किडामुंगी नाही, सगळं निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "आपली आज्ञा आहे?"

"आज्ञा? मी कोन लागून गेलो? बसा."

"आज्ञा मालकानं द्यावी लागते."

हौशीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "हाय. आज्ञा हाय."

तिघी तिथं गेल्या. लोकरीच्या कुंच्यानं, ओघ्यानं, हळुवार जागा पुसून भिंतीपाशी बसल्या. प्रयागबाई ताक आणते म्हणून निघाली, तर मोठ्या महासतीजींनी तिला थांबवलं आणि समजावलं की आता तिच्या घरचं काहीच घेता येणार नाही. बिचारीचा चेहरा पडला.

मी माझ्या पांढऱ्या खणात एकटा उभा होतो. तीन महिने, इतका खटाटोप, आणि त्यांना मुक्काम मिळाला तो नांगराशेजारी. त्यातून कस्तुरचा आणखी एक धक्का. मला वाटलं, ही येऊन दोन शब्द धीराचे बोलेल. तर हिनं माझी बाही ओढली आणि म्हणाली, "घरी चला लवकर. माझा स्वयंपाक अर्धा राहिलाय." आणि माझ्या पुढे, या वयात, जवळजवळ पळत सुटली. माझी फजिती झाली त्याचं हिला काहीच नाही. आत्ताही आत गुणगुणतेय.

७ मे

आज ऊन कोवळं असतानाच त्या मंचरकडे गेल्या. निघताना मांगलिक पाठ ऐकवला. मोठ्या महासतीजी आपणहून म्हणाल्या, "प्रशमश्रीजी रात्री एकदाही खोकल्या नाहीत. किती दिवसांनी सलग झोपल्या." नीलमनं जाताना त्या शेवटच्या खणाकडे एकदा वळून बघितलं आणि चालू लागली. काल खांदे वर जात होते, आज नव्हते.

मी मोठ्या महासतीजींची क्षमा मागितली. म्हटलं, मी सर्व संतांसाठी म्हणालो ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बापाचं असंच असतं, श्रावकजी. गावाला वापरू द्या ते खण. चार लोकांनी आपलं म्हणून वापरले की मग पुढचे संतही उतरतील." हौशीरामला लगेच सांगून टाकलं. त्याच्या पुतणीचं लग्न आहे, वऱ्हाड तिथंच उतरवू म्हणाला. झरोके मात्र भिमाजीकडून आधी फोडून घे, असंही म्हणाला.

आता कालचं लिहितो. सकाळी दुकानात बसून रडगाणं लिहीत होतो, त्यानंतरचं.

दहा-साडेदहा झाले असतील. मी गल्ल्यावर मान खाली घालून बसलेलो. ओट्यावर सावली पडली. वर बघतो तर मोठ्या महासतीजी आणि त्यांच्यामागे नीलम. हातात लाकडी पात्रं. मला काही उमगेना. मी गोंधळून उठलो, आतल्या खोलीत अंधार आहे म्हणून सवयीनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" कस्तुर आतून ओरडली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. माझा हात हवेतच राहिला. मी बटण दाबलं असतं, तर त्यांच्या नियमानं घर तिथंच गोचरीला अशुद्ध झालं असतं आणि त्या दारातूनच परतल्या असत्या.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. शय्यातर हौशीराम होता. मी कुणीच नव्हतो. माझी जागा नाकारली गेली, म्हणूनच माझं घर मोकळं राहिलं होतं. हे हिला पागेच्या उंबऱ्यावरच कळलं होतं. मला कळायला दारात सावली पडावी लागली.

मोठ्या महासतीजींनी विचारलं, "वेगळं काही केलं नाही ना?"

"रोजचंच आहे," ही म्हणाली. "भाकरी आणि मुगाचं वरण. आमच्या दोघांचं."

खरंच रोजचंच होतं. कच्च्या पाण्याचा स्पर्श त्यांना चालत नाही, म्हणून हिचे हात कोरडे, स्वयंपाकाच्या ओट्यावर पाण्याचा थेंब नाही. हिनं टोपलीतली एक भाकरी घेतली आणि मधोमध मोडली. अर्धी नीलमच्या पात्रात ठेवली. नीलम म्हणाली, "बस." वरणाची पळी वाढली. "बस." हिचा हात पुन्हा पळीकडे गेला. नीलमनं पात्रावर तळहात धरला, आणि तो तसाच धरून ती आईकडे बघत राहिली. तेवढंच. मोठ्या महासतीजी रस्त्याकडे बघत होत्या. मग "दया पाळा" म्हणून दोघी उतरून गेल्या.

ही ओट्याशी खाली बसली. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. बऱ्याच वेळानं उठली, आमची ताटं घेतली. टोपलीत ती उरलेली अर्धी भाकरी होती. हिनं तिचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात ठेवला, एक स्वतःच्या.

तिकडे पागेत ती जेवत असणार, इकडे आम्ही. नऊ वर्षांनी आम्ही तिघांनी एका भाकरीतलं खाल्लं. हे कुणाला बोलून दाखवायचं नसतं, म्हणून दोघंही बोललो नाही.

ज्यानं ती पागा घोड्यांसाठी म्हणून बांधली, आणि एवढी नीट बांधली, त्याचं भलं होवो.